शिल्लक पाहून वळावे

सरळ रस्त्यावर गाडी कुणालाही चालवता येते. आमच्या बँकेतले हेड कॅशियरसुद्धा चालवतात. स्टिअरिंग धरायचं, समोर बघायचं आणि शेजारी बसलेल्या मंडळींशी महागाईवर बोलत राहायचं. गाडी आपली आपण पुढे जाते. पण माणसाला गाडी येते की नाही हे वळणावर कळतं. कारकुनाला हिशेब येतो की नाही हे जसं 31 मार्चला कळतं, तसंच.

माझ्या स्वतःच्या छोट्या गाडीला वळणांचं फारसं काही वाटत नाही. तिची सगळी ताकद पुढच्या चाकांत आहे. गाड्यांच्या मुळात दोन जाती. पुढची चाकं ओढतात ती बैलगाडी आणि मागची चाकं ढकलतात ती हातगाडी. बैलगाडीचं बरं असतं. बैल जिकडे वळले तिकडे बाकीची गाडी मुकाट्यानं मागून येते. हातगाडीत वळवणारे वेगळे आणि ढकलणारे वेगळे. लग्नाच्या वरातीत नवरदेवाला मागून रेटणारे मामेभाऊ तुम्ही पाहिले असतील. नवरदेव वळतो मांडवाकडे आणि मामेभाऊ त्याला रेटतात थेट समोरच्या गटाराकडे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा स्वभाव थोडाफार असाच.

आता तरुण वाचकांना खरं वाटणार नाही, पण 1983 च्या डिसेंबरात पहिली मारुती 800 रस्त्यावर आली, तोवर आपल्याकडचा गाडीवाला मध्यमवर्ग जवळजवळ सगळा मागूनच ढकलला जात होता. ॲम्बॅसेडर मागून, फियाट मागून. पण त्या ढकलण्यात जोर बेताचा होता. फियाटच्या इंजिनात 40 च्या आसपास घोडे, तेही मध्यमवर्गीय वळणाचे. कोपऱ्यावर पाय जरा जास्त दाबला म्हणून उधळतील असे नव्हेत. मागून ढकलणारी आणि वर अंगात रग असलेली देशी गाडी म्हणजे काँटेसा. विलायतेतल्या वॉक्सहॉलचा साचा घेऊन ती 1984 च्या सुमारास आली. आधी तिच्यात ॲम्बॅसेडरचंच इंजिन होतं, म्हणजे पहिलवानाच्या छातीत कारकुनाचं काळीज. मग जपानच्या इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आलं, घोड्यांची संख्या 88 च्या आसपास गेली आणि पहिलवानाला पहिलवानाचं काळीज मिळालं. 2002 साली ती गाडी निघायची बंद झाली. आजच्या एखाद्या बऱ्यापैकी छोट्या गाडीतही एवढे घोडे असतात हे मला ठाऊक आहे. पण आजच्या घोड्यांवर इलेक्ट्रॉनिक मास्तर नेमलेला असतो. गाडी घसरू लागली की आपापल्या चाकाला ब्रेक लावून तिला सरळ करणारी ती यंत्रणा बॉश आणि मर्सिडीज यांनी 1995 साली आणली. काँटेसाचे घोडे त्या आधीच्या पिढीतले. त्यांना मास्तर म्हणजे चालवणाराच.

वाईचे माझे बापूकाका असे एक मास्तर. काकांचा हळदीचा व्यापार. 1991 साली त्यांनी पांढरी काँटेसा घेतली आणि तिच्या डिकीतून इतकी वर्षं हळदीचे इतके नमुने हिंडवले, की आजही ती डिकी उघडली की लग्नघरात आल्यासारखं वाटतं. पण व्यापारापेक्षा त्या गाडीचं मोठं काम दर रविवारी असे. काकूंची थोरली बहीण, आमच्या अक्का, पाचगणीला असतात. वय वर्षं 84. गेली सहा वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. दर रविवारी सकाळी काकू पितळेच्या डब्यात आमटी घेऊन मागच्या सीटवर बसणार, काका पसरणी घाटातून गाडी वर नेणार आणि अक्का त्या आमटीला नावं ठेवून दोन घास जास्त जेवणार, हा शिरस्ता. काकूंना घाटात दुसऱ्या कुणाच्याही गाडीत पोटात ढवळतं. एस.टी.त ढवळतं, टॅक्सीत ढवळतं, जावयाच्या नव्या कोऱ्या गाडीत तर गाडी सुरू व्हायच्या आधीच ढवळतं. फक्त काकांच्या हाताखाली ढवळत नाही. "ह्यांच्या गाडीत वळण आलं हे खिडकीबाहेर बघितल्यावर कळतं," असं त्या सांगत.

गेल्या वर्षी काकांना काचबिंदू निघाला. या दुखण्याची रीत अशी, की ते बहुधा कडेकडेनं येतं. समोरचं दिसत राहतं आणि बाजूचं जात राहतं. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून असलेली सांभाळायची, एवढंच. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. काकांनी घरी येऊन किल्ली देवघरात, समईच्या शेजारी ठेवली आणि त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. तीन रविवार गाडी दारात उभी. चौथ्या रविवारी कुणीतरी धाडलेला एक भंगारवाला आला, गाडीभोवती एक फेरी मारून त्यानं किलोचा भाव सांगितला. काकू काही बोलल्या नाहीत. पण त्याला चहा विचारला नाही. वाईत दारी आलेल्याला चहा न विचारणं म्हणजे काय, हे वाईकरांना सांगायला नको.

त्याच संध्याकाळी मला पुण्याला फोन आला.

"काय रे, तुला गाडी येते ना?"

"येते की काका. पंधरा वर्षं चालवतोय."

"ती तुझी येते. ही शिकावी लागेल. रविवारी ये. येताना जुने कपडे घालून ये."

"अहो, गाडी शिकायला जुने कपडे कशाला?" असं आमच्या मंडळींनी विचारलं. मलाही त्याचं उत्तर ठाऊक नव्हतं. बँकेत मात्र सगळ्यांना होतं. आमच्या बँकेत एक गोष्ट चांगली आहे: कुठल्याही विषयावर सल्ला मिळतो, फक्त कर्जाबद्दल विचारलं तर साहेबांना विचारा म्हणतात. लोन सेक्शनच्या गृहस्थांनी डिकीत सिमेंटची दोन पोती टाकायला सांगितलं. आमच्या शिपायानं मोबाइलवर जपानातल्या स्पर्धा दाखवल्या. त्यात गाड्या धूर काढत, आडव्या होऊन वळणं घेत होत्या आणि लोक टाळ्या वाजवत होते. "साहेब, याला ड्रिफ्ट म्हणतात," तो म्हणाला. पसरणी घाटात, मागे काकू आणि काकूंच्या मांडीवर आमटी असताना टाळ्या वाजवणारं कुणी भेटेलसं मला वाटेना.

पहिल्या रविवारी काकांनी गाडीला हात लावू दिला नाही. ओसरीवर बसवून म्हणाले, "गाडी डोळ्यानं चालवायची नसते. बुडानं चालवायची. गाडीची बातमी आधी बुडाला कळते, मग हाताला, आणि डोळ्याला कळेपर्यंत शिळी झालेली असते." हे शास्त्र म्हणून थोर असेल. पण मी बी.कॉम. माणूस. बुडाला कळलेली बातमी मला जमा-नावे केल्याशिवाय पटत नाही. म्हणून पुण्याला परत आल्यावर मी पुस्तकं चाळली, तेव्हा मला एक जर्मन प्राध्यापक भेटले. 1893 साली जन्मले, 1966 साली वारले. मोटारींच्या शास्त्रात त्यांचं एक वर्तुळ प्रसिद्ध आहे. नाव वुनिबाल्ड काम. नावातच काम असलेल्या या माणसानं माझं काम फारच सोपं केलं.

कामसाहेबांचं म्हणणं असं. गाडी एवढी अवजड, पण रस्त्याला टेकतात ते टायरचे चार तुकडे, प्रत्येकी तळहाताएवढे. त्या चार तळहातांची रस्त्यावर जी पकड, तेच गाडीचं भांडवल. याखेरीज तिच्याजवळ काही नाही. ब्रेक लावा, वळा, वेग वाढवा. खर्च त्याच खात्यातून. रस्ता कोरडा असेल तर शिल्लक चांगली. पाऊस पडला की घटते. आणि खर्चाचा दर ठरतो वेगाच्या वर्गावर. 30 च्या वेगानं जे वळण घ्यायला एक रुपया लागतो, तेच 60 नं घ्यायला दोन नव्हे, चार रुपये लागतात. चक्रवाढ व्याजानं भलेभले बुडालेले मी काउंटरवरून पाहिले आहेत, तेव्हा हे मला लगेच पटलं.

त्यातली एक गंमत मात्र मी बँकेत सगळ्यांना सांगितली. हे खातं वर्तुळाच्या हिशेबानं चालतं, साध्या वजाबाकीनं नाही. 100 रुपयांतले 80 वळण्यावर खर्च केले तर ब्रेकसाठी 20 नव्हे, 60 उरतात. 80 चा वर्ग अधिक 60 चा वर्ग म्हणजे बरोबर 100 चा वर्ग. शाळेत पायथागोरसनं छळलेल्यांना आठवेल. 80 काढल्यावर 60 शिल्लक दाखवणारी ही जगातली एकच बँक. हेड कॅशियरनी तिचा पत्ता विचारला. पण पुढची अट मी त्यांना सांगितली: तुम्ही 100 च्या 100 वळण्यात घातलेत, तर ब्रेकला फुटकी कवडी उरत नाही. त्या क्षणी ब्रेकवर पाय दिलात की चेक परत. शेरा नेहमीचाच, अपुरी शिल्लक.

म्हणून शहाणा माणूस खर्च वेगवेगळ्या तारखांना करतो. वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, ब्रेक. तो हिशेब मिटवायचा. मग वळायचं, फक्त वळायचं. आणि स्टिअरिंग जसजसं सरळ होत जाईल, तसतसा पाय हलके हलके ॲक्सिलरेटरवर. पगार झाल्यावर आधी दूधवाला, मग वाणी, मग शाळेची फी. तिघांना एकाच दिवशी बोलावणाऱ्याच्या घरात काय होतं ते आपण जाणतोच.

काँटेसाची मेख याच्या पुढे आहे. माझ्या बैलगाडीत उधळपट्टी झाली तर पुढच्या चाकांची शिल्लक संपते; गाडी वळायचं सोडून नाकासमोर जाऊ लागते. माणूस घाबरून पाय उचलतो आणि ती बहुधा वळणावर परत येते. भित्र्या माणसाला सांभाळून घेणारी गाडी. हातगाडीत मात्र वळणावर ॲक्सिलरेटर जास्त दिला की मागच्या चाकांचं सगळं भांडवल ढकलण्यातच जातं, गाडीला बाजूनं धरून ठेवायला काही उरत नाही आणि शेपूट बाहेर पडतं. बरं, घाबरून पाय एकदम उचलावा, तर आणखी वाईट. पाय उचलताच गाडीचा भार पुढे झुकतो. म्हणजे मागच्या खात्यातली रक्कम न विचारता पुढच्या खात्यात वर्ग होते. मागचं खातं आधीच रिकामं, त्यात ही बदली. शेपूट मग पुढे काय चाललंय ते स्वतःच बघायला येतं.

जुन्या कपड्यांचं कोडं दुसऱ्या रविवारी सुटलं. वाईजवळच्या एका साखर कारखान्याचं मैदान काकांनी ओळखीनं मिळवलं होतं. हंगामात तिथे उसाच्या गाड्यांची रांग असते. जुलैत गाळप नसतं. नुसता ओला मुरूम, पाऊस आणि छत्री घेतलेला एक रखवालदार. काकांनी मैदानाच्या मधोमध तेलाचे दोन रिकामे डबे ठेवले. गाडीला कुठेही आदळायला शंभर पावलांत काही नव्हतं. गाडी अडकली तर उतरून मी ढकलायची, म्हणून जुने कपडे.

"दुसऱ्या गिअरमध्ये डब्यांभोवती फिर. वीस-पंचवीसच्या वर जायचं नाही."

मी फिरलो. बाहेर पाऊस, आत हळदीचा वास. पाचव्या फेरीला काका म्हणाले, "आता पाय दे."

"वळणावर?"

"वळणावरच. चांगला दे."

मी पाय दिला. मागून आधी एक हलकी गुदगुली आली, काकांनी सांगितली होती त्याच जागी. मग डबे, रखवालदार, कारखान्याची चिमणी आणि पुन्हा डबे अशा क्रमानं सगळं पंचक्रोशी दर्शन झालं आणि गाडी आल्या दिशेला तोंड करून उभी राहिली. रखवालदार धावत आला. "गाडी बिघडली का बापू?"

"गाडीला काय धाड भरलीय? शिकवणी चाललीय," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "कळलं कसं होतं ते? आता ते कसं आवरायचं ते बघू."

आवरण्याचा धडा सांगायला अर्धं मिनिट पुरतं आणि शिकायला पाच रविवार. शेपूट उजवीकडे निसटलं तर स्टिअरिंगही उजवीकडे. डावीकडे निसटलं तर डावीकडे. जेवढं निसटलं तेवढंच. आणि शेपूट परतू लागलं की स्टिअरिंगही त्याच्याबरोबर सरळ करायचं. कर्ज फिटल्यावरही हप्ते भरत राहिलात तर गाडी दुप्पट जोरानं उलट्या बाजूला जाते. हे चालू असताना पाय? पाय ब्रेकवर नाही. पाय उचलायचाही नाही आणि दाबायचाही नाही. थोडा, अगदी थोडा, सैल करायचा. "पायाखाली अंडं आहे असं समज," काका सांगत.

काका डावीकडे बसून बाहेर बघतही नसत. मांड्यांवर हात ठेवून समोर तोंड. त्यांचा शब्दसंग्रह तीन शब्दांचा होता: "उशीर", "घाई" आणि "हं". पहिले दोन रविवार नुसता उशीर आणि घाई. तिसऱ्या रविवारी पहिला "हं" मिळाला. मला बँकेत दोन वेतनवाढी लागोपाठ मिळाल्या तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

पण गाडी दर खेपेला त्या डब्यांकडे ओढ घेत होती. काका म्हणाले, "तू डब्याकडे बघतोयस. डब्याकडे बघू नकोस, डबा त्याचं तो बघून घेईल. तुला जायचंय तिकडे बघ."

"मी कुठे बघतोय ते तुम्हाला कसं कळलं काका?"

"तू जिकडे बघतोस तिकडे गाडी जाते. मला गाडी कळते."

आणि हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. पूर्वी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत. व्यापारी माणूस, भाव ठरवताना समोरच्याला पत्ता लागू देत नसे. आता कोपरे उरले नव्हते. ज्याच्याकडे बघायचं त्याच्याकडे अख्खी मान वळवून, खांद्यासकट बघावं लागत होतं. मी पुढच्या फेरीत तेच केलं. डबे सोडून दिले, आणि वळणाच्या पलीकडे जिथे गाडी निघायला हवी होती तिकडे मान वळवून बघितलं. हात आपोआप मागून गेले. शेपूट निसटलं, थबकलं आणि मुकाट्यानं जागेवर आलं.

"हं," काका म्हणाले. मग बराच वेळ काचेबाहेरच्या पावसाकडे बघत राहिले. तो दिसत होता की नुसता ऐकू येत होता, मी विचारलं नाही.

"या वयात हे कसले नाद?" असं सोसायटीतले शेजारी म्हणाले, तेव्हा मी त्यांना फांजिओची गोष्ट सांगितली. हुआन मॅन्युएल फांजिओ, अर्जेंटिनाचा. ऑगस्ट 1957 मध्ये जर्मनीत नुरबुर्गरिंगला शर्यत होती. डोंगरातून वळत जाणारी, एकेक फेरी 22 किलोमीटरहून मोठी. फांजिओची मासेराती आपल्यासारखीच मागून ढकलणारी, ताकद मात्र भलतीच. मध्ये टायर बदलायला आणि पेट्रोल भरायला तो थांबला आणि पाऊण मिनिटाच्या आसपास मागे पडला. पुढे हॉथॉर्न आणि कॉलिन्स, दोघेही विशीतले. फांजिओ फेरीमागून फेरी विक्रम मोडत गेला, शेवटून दुसऱ्या फेरीत दोघांना गाठलं आणि जिंकला. त्या वर्षी त्यानं पाचव्यांदा जगज्जेतेपद मिळवलं. चारही चाकं मोजून-मापून घसरवत वळण घेणं ही त्याची खासियत होती. आणि त्या दिवशी त्याचं वय होतं 46 वर्षं.

"मग?" शेजारी म्हणाले.

"माझंही 46 च आहे," मी म्हटलं. यावर ते काही बोलले नाहीत. फक्त पुढच्या दिवसापासून त्यांची स्कूटर माझ्या गाडीपासून जरा लांब लावू लागले.

श्रावणातल्या पहिल्या रविवारी काका देवघरातून किल्ली घेऊन आले. काकू डबा घेऊन आधीच मागे बसल्या होत्या. मोठा पितळी डबा, वर ताटली, त्यावर फडकं, अंगावर नवी इरकल. परीक्षा काय आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. जॅकी स्टुअर्ट नावाचा तीनदा जगज्जेता झालेला स्कॉटिश ड्रायव्हर बॉनेटवर उथळ भांडं ठेवून त्यात चेंडू ठेवायचा आणि चेंडू न सांडता गाडी चालवून दाखवायचा. पण चेंडू पडला तर उचलता येतो. आमटीचे डाग इरकलवरून जात नाहीत.

शाहीर साबळ्यांचं पसरणी गाव मागे पडलं आणि घाट लागला. वर धुकं, रस्ता ओला, समोरून पाचगणीहून उतरणाऱ्या गाड्या. गंमत अशी, की मैदानात पाच रविवार जे केलं, त्यातलं इथे काहीही करायचं नव्हतं. ते येत होतं म्हणूनच करायचं नव्हतं. वळणाआधी ब्रेक, हिशेब मिटव. वळ. हळूहळू पाय. खर्च तारखेवार. शेवटच्या काही वळणांपैकी एका अंगठ्यासारख्या वळणावर कुठल्यातरी ट्रकचं डिझेल सांडलेलं होतं. धुक्यात ते दिसलं नाही. पण बुडाला बातमी आली. मागचं चाक वीतभर बाहेर गेलं. मी मान वळवून वळणाच्या पलीकडे बघितलं, हात मागून गेले, पाय अंड्यावर. शेपूट परत आलं. सगळा व्यवहार एका सेकंदात, जमा-नावे सारखं.

काकू मागून म्हणाल्या, "पाचगणीला भाजी घ्यायची आठवण करा हो."

काका म्हणाले, "हं." आणि जरा वेळानं, फक्त मला ऐकू येईल असं, "आली परत."

पाचगणीला अक्कांनी डब्याची ताटली काढून वास घेतला. "गूळ जास्त झालाय," म्हणाल्या आणि दोन घास जास्त जेवल्या. इरकलवर एक थेंब नव्हता. काकूंनी मला सर्टिफिकेट दिलं नाही. पण परत निघताना त्या मागच्या सीटवर बसल्या आणि घाट सुरू व्हायच्या आत झोपल्या. ज्या बाईला जावयाच्या गाडीत दारातच ढवळतं, तिनं पसरणी घाटात झोप काढावी, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट आर.टी.ओ.कडेही नसेल.

उतारावर मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो. चढायच्या गिअरमध्येच उतरायचं, हा घाटाचा जुना कायदा. तेव्हा माझं लक्ष काकांच्या पायाकडे गेलं. डाव्या सीटसमोर नुसती चटई, पण त्यांचा उजवा पाय चाललेला होता. वळण आलं की वळणाच्या आधी चटईवर ब्रेक दाबायचा, वळताना सैल व्हायचा, वळण उलगडलं की हळूच पुढे जायचा. सुरुवातीच्या वळणांना तो माझ्या आधी दाबत होता. मधल्या वळणांना आमच्या दोघांचे पाय बरोबर पडू लागले. शेवटच्या दोन-तीन वळणांना त्यांचा पाय फक्त सैल होत गेला. एकदम उचलला नाही त्यांनी. थोडा थोडा.

वाई दिसू लागली तेव्हा म्हणाले, "गाडी तुझ्या नावावर करायची तर कागद करून टाकू."

मी काहीच बोललो नाही. पुढचं वळण बघत होतो.

"नाहीतर असं करू," तेच पुढे म्हणाले. "तुमच्या बँकेत ते जोडखातं असतं ना? दोघांपैकी कुणीही, नाहीतर हयात असेल तो. तसं ठेवू. म्हणजे नाव माझं राहील आणि रविवार तुझे."

वीस वर्षं मी ते वाक्य फॉर्मवर शिक्का मारून लोकांच्या पुढे सरकवत आलो आहे. फॉर्म भरणारे नवरा-बायको ते न वाचताच सही करतात, आणि मीही ते कधी नीट वाचलं नव्हतं.

"चालेल काका," मी म्हटलं. "फक्त नियम माहीत आहे ना? खातेदारानं अधूनमधून स्वतः हजर राहावं लागतं."

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

"हं," काका म्हणाले, आणि मागे काकू झोपेतच डबा सावरून बसल्या. रिकामा होता तो आता, पण सवय.